बांधून घेण्याची धास्ती पडद्यावर कशी आली

प्रणयविनोदी चित्रपटाला प्रेमिकांच्या आड येणारं काहीतरी लागतंच, नाहीतर गोष्ट दहा मिनिटांत आटोपते. जुन्या कथांत हे काम बाप, पैसा आणि खानदान करायचे. लग्नाला बिचकणारे तेव्हाही होते. शेक्सपिअरच्या १६०० साली छापलेल्या 'मच अडू अबाउट नथिंग'मधले बिअॅट्रिस आणि बेनेडिक लग्नाच्या नावानं बोटं मोडतात. पण मित्रमंडळींनी जरा बनवाबनवी केली की दोघंही विरघळतात.

हॉलिवूडमध्ये १९३४पासून प्रॉडक्शन कोड, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं नाही याची चित्रपटउद्योगानं स्वतःच घालून घेतलेली नियमावली, कडकपणे लागू झाला आणि शय्यागृहाचं दार प्रेक्षकांसाठी बंद झालं. मग लग्न टाळणारा पुरुष दाखवायचा तरी कसा? १९५९च्या 'पिलो टॉक'मध्ये रॉक हडसननं रंगवलेल्या सडाफटिंग नायकाच्या घरात एक बटण दाबलं की दाराला कुलूप लागतं आणि दुसऱ्यानं सोफ्याचा पलंग होतो. स्वतः कुणाच्या हाती न सापडणाऱ्या माणसानं दुसऱ्याला कोंडायची एवढी जय्यत तयारी ठेवावी, यातला विनोद मला संवादांपेक्षा सरस वाटतो.

पुढच्या दहा वर्षांत अडथळे भराभर कोसळले. १९६०मध्ये अमेरिकेत गर्भनिरोधक गोळीला मंजुरी मिळाली. १९६८मध्ये कोड जाऊन वयानुसार वर्गवारी आली, म्हणजे निव्वळ प्रौढांसाठी लिहिण्याची मुभा मिळाली. १ जानेवारी १९७०पासून कॅलिफोर्नियात कुणाचाही दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळू लागला. आता अडवणारं बाहेर कुणी उरलं नाही, तेव्हा लेखकांनी अडथळा पात्राच्या डोक्यातच नेऊन बसवला.

'अॅनी हॉल' (१९७७) मधला प्रसंग पाहा. अॅनी सामानसुमान घेऊन नायकाकडे राहायला येते, तर हा म्हणतो, तुझी जुनी खोली सोडू नकोस. बुडायची वेळ आलीच तर जीव वाचवायला तराफा हवा ना! भाडं भरायची तयारीही त्याचीच.

या धास्तीला अमेरिकेत घरोघरी पोचलेलं नाव मिळालं ते १९८७च्या 'मेन हू कान्ट लव्ह' या पुस्तकामुळे: कमिटमेंटफोबिया. दोनच वर्षांनी 'व्हेन हॅरी मेट सॅली' आला. दोघं एकत्र झोपल्यावर ती समाधानानं हसतेय, आणि शेजारी हॅरी डोळे टक्क उघडे ठेवून पडलाय. कोडच्या काळात गोष्ट रात्रीपर्यंत पोचायलाच धडपडायची. इथे खरी पंचाईत रात्रीनंतर सुरू होते.

तोवर दुखणं पुरुषाचंच मानलं जायचं. १९९९च्या 'रनअवे ब्राइड'मध्ये नवरीच ऐन वेळी पळ काढते. २०११मध्ये तर 'फक्त शरीरसंबंध, भानगड नको' या एकाच कल्पनेवर दोन चित्रपट आले. त्यातल्या 'नो स्ट्रिंग्ज अटॅच्ड'मध्ये नियम घालते ती नायिका. फुलं आणायची नाहीत, असं तिनं बजावल्यावर नायक गाजरांचा गुच्छ घेऊन दारात उभा राहतो.