पीसीओएस: गोळी की पथ्य, हा वाद आला कुठून?

लातूरला नीटच्या क्लाससाठी होस्टेलवर राहणाऱ्या पोरीची पाळी दोन-तीन महिने लांबली, की पुढचा क्रम ठरलेला असतो. सोनोग्राफी, 'पीसीओडी आहे' असं निदान (म्हणजे पीसीओएसच, हार्मोन्स बिघडून पाळी लांबवणारा आजार) आणि चिठ्ठीवर हार्मोन्सच्या गोळ्या. आई ते पाकीट गावच्या मेडिकलवाल्याला दाखवते. "ही तर पाळणा लांबवायची गोळी," असं तो म्हणाला, की घरात गहजब होतो. लग्न न झालेल्या पोरीला ही गोळी कशाला? मग मावशी आणि यूट्यूब मिळून पथ्य ठरवतात: दूध बंद, गहू बंद, भात तर बघायचाच नाही. आईची शंका आणि मावशीचं पथ्य, दोन्हींमागं बराच इतिहास आहे.

चकचकीत, पांढरट, फुगलेल्या बीजांडकोशांचं (अंडाशयांचं) वर्णन इटलीच्या वॅलिस्नेरी यांनी १७२१ मध्येच केलं होतं. पण आजार म्हणून त्याची नोंद पक्की झाली १९३५ मध्ये. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी पाळी न येणाऱ्या सात बायकांच्या बीजांडकोशाचा थोडा भाग कापून काढला. सातही जणींची पाळी सुरू झाली, दोघींना दिवस गेले. म्हणजे आजार वैद्यकात शिरला तो शल्यविशारदाच्या टेबलावरून, आणि दोषी ठरला बीजांडकोश. सोनोग्राफीत दिसणाऱ्या ज्या 'गाठी'मुळं घरातले घाबरतात, त्या खरं तर अर्ध्यावर वाढ थांबलेल्या बीजपुटिका, म्हणजे बीजाच्या पिशव्या असतात.

गंमत अशी, की दुसरा धागा त्याआधीच सापडला होता. १९२१ मध्ये पॅरिसच्या आशार आणि तिएर यांनी दाढी येणाऱ्या बायकांमधल्या मधुमेहावर लिहिलं होतं. या दोन गोष्टी जोडायला १९८० उजाडलं. अमेरिकेतल्या मेंफिसच्या संशोधकांनी दाखवलं, की या बायकांच्या रक्तात पुरुषी हार्मोन्सबरोबर इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर ताब्यात ठेवणारं हार्मोनही वाढलेलं असतं. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते आणखी सोडतं. वाढलेलं इन्सुलिन बीजांडकोशाला पुरुषी हार्मोन्स जास्त करायला लावतं, आणि त्या हार्मोन्सना बांधून ठेवणारं प्रथिन यकृतात कमी तयार होतं. मग हनुवटीवर केस, चेहऱ्यावर पुरळ, मानेवर काळपटपणा, आणि महिनोन्महिने बीज सुटत नाही. माझ्या मते सगळं भांडण इथंच जन्मलं. गोळी बीजांडकोशाकडून येते, पथ्य इन्सुलिनकडून.

गोळीचा जन्म १९५१ चा. मेक्सिको सिटीच्या सिंटेक्स प्रयोगशाळेत नॉरएथिस्टेरॉन हे कृत्रिम हार्मोन तयार झालं, त्याचा कच्चा माल रानटी कंदातून मिळत होता. अमेरिकेत एनोव्हिड या गोळीला १९५७ मध्ये पहिली परवानगी मिळाली ती पाळीच्या तक्रारींसाठी. गर्भनिरोधक म्हणून मान्यता नंतर, १९६० मध्ये. आईच्या शंकेला यापेक्षा चांगलं उत्तर मला तरी ठाऊक नाही. पण आपल्याकडं गोळी आली ती १९५२ ला सुरू झालेल्या कुटुंब नियोजन कार्यक्रमाच्या वाटेनं, लाल त्रिकोण लावून. माला-डी दुकानात, माला-एन उपकेंद्रात फुकट. आणीबाणीतल्या नसबंदीच्या सक्तीनंतर त्या त्रिकोणाबद्दल गावोगावी अढी बसली, ती गोळीलाही चिकटली.

ही संयुक्त गोळी, म्हणजे दोन बायकी हार्मोन्स एकत्र असलेली गोळी, पुरुषी हार्मोन्स दाबते, त्यांना बांधणारं प्रथिन वाढवते आणि गर्भाशयाचं अस्तर जाड होऊ देत नाही. हे शेवटचं काम सगळ्यात महत्त्वाचं, कारण वर्षानुवर्षं पाळी न आल्यास अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. गोळीवर येणारा रक्तस्राव बीज सुटून आलेल्या पाळीचा नसतो, आणि गोळी थांबली की तक्रार परत येऊ शकते. 'गोळ्यांनी काही बरं होत नाही' हे बायकांचं म्हणणं त्या अर्थानं खरंच आहे. पण चष्म्यानंही नजर बरी होत नाही. रक्तदाब जास्त असेल, डोळ्यांपुढं चमकून अर्धशिशी उठत असेल किंवा रक्तात गुठळी झालेली असेल, तर मात्र ही गोळी नको. सरकारी दवाखान्यात मिळणारी 'छाया' ही वेगळी, हार्मोन नसलेली गोळी. ती पीसीओएससाठी नाही, उलट त्यात टाळायला सांगतात.

मराठवाड्यात गोळीच्या भीतीला आणखी एक जुनं कारण आहे. पाळीच्या तक्रारीवर इथं बायकांना वर्षानुवर्षं मिळालेला उपाय म्हणजे 'पिशवी काढणं'. बीडच्या ऊसतोड बायकांबद्दल २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीतल्या ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्या सगळ्यांना पीसीओएस होता असं मुळीच नाही. पण आई-मावशीच्या पिढीनं 'पाळीचा इलाज' म्हणून हे पाहिलं असेल, तर दवाखान्यापेक्षा पथ्य जवळचं वाटणार.

आता पथ्याची बाजू. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासानं दाखवून दिलं, की भारतीय बाळं वजनानं कमी, पण चरबीनं तुलनेत जास्त असतात. म्हणून अंगानं सडसडीत दिसणाऱ्या मुलीतही इन्सुलिनचा घोळ सापडतो. त्यात इथलं ताट बदललं. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाल्लेली माणसं अजून गावात आहेत. पुढं रेशनवर गहू-तांदूळ आले, खरिपातली ज्वारी सोयाबीननं हटवली, भाकरीसोबतची अंबाडी, घोळ, तांदुळजा मागं पडली. होस्टेलच्या मेसमध्ये पोळी-भात, मधल्या वेळेला वडापाव, आणि दिवसभर बाकावर बैठक.

तरी ज्वारीला औषध करू नका. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार पीसीओएससाठी कोणताही एक आहार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही. म्हणजे दूध-गहू बंदीला आधार नाही. वजन जास्त असेल तर ते पाच ते दहा टक्के उतरल्यानंही अनेकींची पाळी सुधारते, मग ते भाकरीनं उतरो की कशानं. पाळी नियमित करायला आणि केस-पुरळांवर त्याच मार्गदर्शिकेत संयुक्त गोळी हा पहिला औषधोपचार आहे. महागडी गोळी स्वस्त गोळीपेक्षा चांगली असं काही सिद्ध नाही. सायप्रोटेरॉन हे पुरुषी हार्मोन्स रोखणारं औषध असलेली गोळी तर सुरुवातीलाच देऊ नये. सकस आहार आणि हालचाल सगळ्यांनाच सांगितली आहे, गोळी चालू असो वा नसो. पाळी सुरू होऊन आठ वर्षं झाली नसतील तर निदानासाठी सोनोग्राफी वापरू नये, असंही त्यात आहे. बारावीच्या बहुतेक मुली यातच येतात.

या भांडणात रक्तातली साखर मागं राहते. निदान झाल्यावर ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची तपासणी, आणि पुढं एक ते तीन वर्षांनी पुन्हा, मग वजन कितीही असो. ती तालुक्याच्या लॅबमध्येही होते.