माती व मशागतीची अवजारे : संगणकीय प्रारूप

नांगराचा फाळ, वखराची पास किंवा कल्टिव्हेटरचे दाते मातीत शिरले की माती कुठे फुटते, किती उचलली जाते आणि अवजार ओढायला किती जोर लागतो, याचे गणित संगणकावर मांडण्याची पद्धत. लोखंड कापण्याआधीच फाळाचा कोन, रुंदी आणि खोली बदलून पाहता येते, हा तिचा मोठा फायदा.

आरंभ कागदावरच्या सूत्रांनी झाला. १९६०च्या दशकात संशोधक रीस यांनी मातीचे वजन, तिची संसक्ती (कण एकमेकांना धरून राहण्याचा गुण), वरचा भार आणि अवजाराला चिकटण्याचा गुण यांची बेरीज मांडणारे समीकरण दिले. रुंद पात्याला ते लागू पडे; अरुंद दात्याभोवती माती बाजूनेही फुटते. १९७७ मध्ये गॉडविन व स्पूर यांनी दाखवले, की ठरावीक खोलीच्या खाली अशी माती वर न येता बाजूला दाबली जाते. म्हणजे डिझेल जास्त आणि नांगरट कमी.

पुढे सांत घटक पद्धत आली, म्हणजे मातीचे एकमेकांना जोडलेले छोटे भाग कल्पून गणित करणारी. ती माती सलग धरते, त्यामुळे ढेकळे सुटून पडू लागली की अडखळते. कंडल व स्ट्रॅक यांनी १९७९ मध्ये मांडलेली विविक्त घटक पद्धत, म्हणजे डीईएम, माती सुट्या गोळ्यांची मानते आणि प्रत्येक दोन गोळ्यांमधला दाब, घर्षण व चिकटपणा क्षणाक्षणाला मोजते. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरहूनही बारीक. तेवढे कण कोणताच संगणक पेलणार नाही. गोळे १० मिलिमीटरचे धरले तरी एक घनमीटरात दहा लाखांहून अधिक बसतात, आणि व्यास निम्मा केला की संख्या आठपट. गोळे खरे नसल्यामुळे त्यांचे गुणधर्म मातीवरून थेट घेता येत नाहीत. मातीचा ढीग किती उताराचा होतो, साध्या फाळाला किती ओढ लागते, हे प्रयोगशाळेतल्या मातीच्या हौदात मोजून आकडे जुळवावे लागतात. पडद्यावर उधळणारी माती दिसते सुरेख, पण मोजलेली ओढ जुळली नाही तर ते नुसते चलच्चित्र.

खरी गोम ओलाव्यात आहे. वाफसा असताना भुसभुशीत फुटणारी काळी माती वाळली की दगड होते, आणि ओली असताना फाळाला लपेटते. वाफशावर जुळवलेले आकडे चार दिवसांच्या उन्हानंतर निरुपयोगी ठरतात. वसई-पालघरच्या भातखाचरातली चिखलणी तर वेगळेच प्रकरण: तिथे माती वाहते, म्हणून तिला दाट द्रव मानणारी प्रवाहगणिते अधिक सोयीची.

मुंबईला हा विषय वाटतो तितका परका नाही. महिंद्राने १९६३ मध्ये ट्रॅक्टर व्यवसायात पाऊल टाकले, ते कांदिवलीत. नांगर शहरात दिसत नसला तरी रीस यांचे समीकरण मुळात माती हलवण्याचेच असल्याने बुलडोझरच्या पात्याला आणि जेसीबीच्या बकेटलाही तेच हिशेब लावता येतात. फक्त खाडीकाठच्या चिखलाची संसक्ती वेगळी भरावी लागते.