घासासाठी नवी वाट

आत्याची भाकरी आधी आमटीत गेली, मग दुधात, मग बंदच झाली. सासवडला तिच्या घरी तीन-चार महिने हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चाललं होतं. वय झालं, दात राहिले नाहीत, असं घरातले म्हणत. तीही म्हणायची, "ठसका लागतो रे नुसता." पातळ पेजसुद्धा छातीत अडायला लागली तेव्हा तिला पुण्याला आमच्याकडे आणलं. एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या मधोमध कर्करोगाची गाठ दिसली.

एवढा उशीर का झाला, हे मला त्यानंतर वाचताना कळलं. अन्ननलिका ही साधारण २५ सेंटिमीटर लांबीची, स्नायूंची ताणली जाणारी नळी. आत गाठ वाढू लागली तरी उरलेली भिंत सैल होऊन घासाला वाट करून देते. बरीचशी जागा बुजल्यावरच भाकरी अडायला लागते. तोवर आजार पुढे गेलेला असतो, कारण तिची बांधणीच तशी आहे. जठरावर आणि आतड्यांवर बाहेरून एक पातळ आवरण असतं, ते छातीतल्या अन्ननलिकेवर नसतं. शिवाय तिच्या भिंतीत लसिकावाहिन्यांचं दाट जाळं असतं आणि त्यातून कर्कपेशी वर गळ्याकडे आणि खाली पोटाकडे सरकतात. शेजारही सगळा जोखमीचा. पुढे श्वासनलिका आणि हृदय, बाजूला महाधमनी, मागे मणके आणि जवळूनच जाणारी आवाजाची नस.

जगात २०२२ साली या कर्करोगाचे सुमारे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे ४ लाख ४५ हजार मृत्यू झाले. पाश्चात्त्य देशांत अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा, आम्लपित्त आणि लठ्ठपणाशी जोडलेला प्रकार जास्त आढळतो. आपल्याकडे जास्त आहे तो स्क्वॅमस, म्हणजे अस्तराच्या चपट्या पेशींतून होणारा प्रकार. तंबाखू, दारू, सुपारी ही त्याची मुख्य कारणं. आत्याने सिगारेट कधी हातात धरली नाही, पण तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री चाळीस वर्षं दातांना लावली. मिश्री म्हणजे तंबाखूच, हे आपल्या गावागावांत बायकांना कुणी नीट सांगितलेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता शस्त्रक्रियेकडे येतो. अन्ननलिकेपर्यंत पोहोचायचं तर छाती उघडावी लागते, आणि छाती उघडली की बाहेरची हवा आत शिरून फुप्फुस फुग्यासारखं बसतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सर्जन इथेच अडले होते. १९०४ मध्ये जर्मनीत झाउअरब्रुख यांनी त्यावर एक अजब तोड काढली. हवेचा दाब कमी केलेली एक खोलीच त्यांनी बनवली. रुग्णाचं धड आणि शस्त्रक्रिया करणारे सर्जन खोलीच्या आत, रुग्णाचं डोकं तेवढं बाहेर! पुढे १९०९ मध्ये मेल्ट्झर आणि आउअर यांनी श्वासनलिकेत नळी घालून हवा देण्याची पद्धत मांडली, तेव्हा त्या खोलीची गरज संपली.

ती पद्धत वापरून १९१३ मध्ये न्यूयॉर्कला फ्रान्झ टोरेक यांनी ६७ वर्षांच्या एका बाईंची छातीतली अन्ननलिका यशस्वीपणे काढली. काढली खरी, पण तिच्या जागी काय जोडायचं? गळ्याला एक भोक, पोटाला एक भोक आणि दोन्हींना जोडणारी रबरी नळी, असा मार्ग त्यांनी काढला. त्या बाई पुढे बारा-तेरा वर्षं जगल्या आणि एवढी वर्षं त्यांचा प्रत्येक घास अंगाबाहेरच्या नळीतून पोटात जात राहिला.

जठरच छातीत वर ओढून जोडणं पुढच्या काही दशकांत जमलं. जपानमध्ये ओहसावा यांनी १९३३ मध्ये ते करून दाखवलं. आयव्हर लुइस यांची पोट आणि उजवी छाती अशा दोन ठिकाणांहून करायची पद्धत १९४६ ची, आणि मॅककिऑन यांची पोट, छाती आणि मान अशी तीन ठिकाणांहून करायची १९७६ ची. आजही जगभर मुख्यतः याच दोन वाटांनी काम चालतं. पण वाट सापडली म्हणून माणसं वाचत होती असं नाही. १९८० मध्ये अर्लम आणि कुन्हा-मेलो यांनी तोवरचे शोधनिबंध एकत्र करून ८३,७८३ रुग्णांचा हिशेब मांडला. अन्ननलिका काढलेल्या १०० पैकी सरासरी २९ जण शस्त्रक्रियेतून सावरलेच नव्हते. शस्त्रक्रियेच्या इतिहासात इतक्या प्रामाणिकपणे मांडलेले हिशेब थोडेच असतील.

माणसं का दगावत होती? मुख्य कारणं दोन, एक शिवणीचं आणि एक श्वासाचं.

आधी शिवण. जठर म्हणजे एक सैल पिशवी. सर्जन तिच्या एका कडेचा भाग स्टेपलरने कापून काढतात आणि चार-पाच सेंटिमीटर रुंदीची लांब नळी तयार करतात. ती गळ्यापर्यंत पोहोचावी म्हणून जठराला बांधून ठेवणाऱ्या बहुतेक रक्तवाहिन्या तोडाव्या लागतात. उरते ती मुख्यतः खालच्या कडेने जाणारी एक धमनी, आणि साऱ्या नव्या नळीचा जीव तिच्यावर. आत्याच्या सर्जनबाईंनी कागदावर चित्र काढून हे समजावलं तेव्हा आत्या म्हणाली, "म्हणजे पाटाच्या शेवटच्या शेतासारखं." अगदी तसंच. पाटाच्या टोकाला पाणी कमी पोहोचतं, तसं नळीच्या वरच्या टोकाला रक्त कमी पोहोचतं, आणि शिवण नेमकी तिथेच घालायची असते. रक्त कमी पडलं की शिवण गळते. छातीत गळली तर लाळ आणि जंतू थेट हृदयाशेजारी पसरतात. आता शस्त्रक्रिया चालू असतानाच शिरेतून इंडोसायनिन ग्रीन नावाचं रंगद्रव्य देतात आणि खास कॅमेऱ्यातून बघतात. जिथवर नळी चमकते तिथवर रक्त पोहोचलं, मग शिवण त्या हद्दीत घालायची.

श्वासाचं कारण आम्ही घरातच पाहिलं. शस्त्रक्रियेच्या महिनाभर आधी आत्याच्या हातात श्वासाच्या व्यायामाचं, तीन रंगीत गोळ्यांचं स्पायरोमीटर आलं. ती चुलीवरच्या फुंकणीसारखी जोरात फुंकायची आणि गोळ्या ढिम्म हलायच्या नाहीत. फिजिओथेरपीच्या मुलीने हसून तिचा हात धरला. "आजी, फुंकायचं नाही, ओढायचं. सरबत ओढता तसं." पहिली गोळी त्या दिवशी वर गेली, दुसरी आठवड्याने. तिसरी कधीच गेली नाही. हे खेळण्यासारखं दिसणारं यंत्र फार महत्त्वाचं आहे, कारण पूर्वी बरगड्या फाकवून छाती उघडली की पुढचे कित्येक दिवस दुखण्यापायी माणूस खोकतच नसे. खोकला नाही तर कफ साठतो, साठलेल्या कफातून न्यूमोनिया होतो आणि गाठ निघूनही माणूस हातचा जातो.

म्हणून छोट्या छिद्रांतून करायची दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली तेव्हा तिचा खरा फायदा छोट्या व्रणापेक्षा श्वासाला होता. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या 'टाइम' नावाच्या युरोपीय चाचणीत ११५ रुग्णांना चिठ्ठी टाकावी तसं दोन गटांत वाटलं होतं. पहिल्या दोन आठवड्यांत फुप्फुसांचा संसर्ग छाती उघडलेल्यांपैकी २९ टक्क्यांना झाला, दुर्बिणीच्या गटात ९ टक्क्यांना.

यात आपल्या देशातल्या सर्जनांचं काम मोलाचं आहे आणि ते पुरेसं सांगितलं जात नाही. कोइमतूरच्या डॉ. पलानिवेलू यांनी २००६ मध्ये रुग्णाला पालथं झोपवून केलेल्या १३० शस्त्रक्रियांचा अनुभव मांडला. पालथं झोपवलं की फुप्फुस आणि हृदय आपल्या वजनाने खाली सरकतात आणि पाठीकडची अन्ननलिका समोर मोकळी दिसते. 'टाइम' चाचणीतही रुग्ण असेच पालथे होते. पुण्यात डॉ. शैलेश पुणतांबेकर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सलग ११२ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला, तो रुग्णाला कुशीवर झोपवून. कुशीवर असताना मध्येच रक्तस्राव झाला तर छाती झटकन उघडता येते. दोन्ही बाजूंना कारणं आहेत आणि सर्जनचा हात ज्या पद्धतीत बसला आहे ती त्याने करावी, असं मला वाटतं.

शस्त्रक्रिया रोबोटने करतात का, हा हल्ली पुण्यात पहिला प्रश्न येतो. नेदरलँड्समधल्या २०१९ च्या चाचणीत रोबोटच्या गटात ५९ टक्के आणि छाती उघडलेल्या गटात ८० टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली. मात्र ही तुलना उघड्या शस्त्रक्रियेशी होती, साध्या दुर्बिणीशी नव्हती. यंत्रापेक्षा मोठा प्रश्न वेगळाच आहे: इथे वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात? अमेरिकेत २००२ मध्ये बर्कमायर आणि सहकाऱ्यांनी ज्येष्ठ नागरिकांच्या नोंदी तपासल्या. जिथे ही शस्त्रक्रिया अगदी क्वचित होते तिथे मृत्यूचं प्रमाण २०.३ टक्के होतं, जिथे सर्वांत जास्त होते तिथे ८.४ टक्के. डॉक्टरांना हे विचारायला आपल्याला संकोच वाटतो, पण विचारायलाच हवं. आम्ही विचारलं, आणि सर्जनबाईंनी आकडा न चिडता सांगितला.

आत्याला आधी केमो आणि रेडिएशन दिलं होतं. ही पद्धत नेदरलँड्सच्या 'क्रॉस' चाचणीतून आली. पाच आठवडे, रेडिएशनच्या २३ बैठका आणि आठवड्याला एक केमो. नुसती शस्त्रक्रिया झालेल्यांचं मध्यम आयुष्य (म्हणजे निम्मे रुग्ण जितकं तरी जगले तो काळ) २४ महिने होतं, आधी उपचार घेतलेल्यांचं ४९ महिने. आणि स्क्वॅमस प्रकारात जवळपास निम्म्या रुग्णांच्या काढलेल्या अन्ननलिकेत एकही जिवंत कर्कपेशी सापडली नाही.

आत्याचा पॅथॉलॉजीचा अहवाल तसाच आला. मी आनंदाने वाचून दाखवला. ती थोडा वेळ गप्प बसली. आतड्यात घातलेल्या नळीतून अजून तिला गाळलेली पेज चालू होती, आवाज घोगरा झाला होता. मग म्हणाली, "गाठ मेलीच होती, तर मग मला चिरलं कशाला?"

माझ्याकडे तेव्हा एकच उत्तर होतं: काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय ते कळत नव्हतं. तिचा प्रश्न मात्र संशोधकांचाही होता. नेदरलँड्समधल्या 'सानो' चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. उपचारानंतर एंडोस्कोपी, खोल बायोप्सी आणि पेट स्कॅनमध्ये ज्यांच्यात गाठ दिसली नाही, त्यांतल्या काहींची शस्त्रक्रिया केली, काहींवर नुसती बारकाईने नजर ठेवली. दोन वर्षांनी नजरेखाली ठेवलेल्यांपैकी ७४ टक्के आणि शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७१ टक्के हयात होते. नजरेखालच्या जवळपास निम्म्यांत गाठीने त्याच जागी पुन्हा डोकं वर काढलं, आणि तशांसाठी पुढे शस्त्रक्रियेची वाट ठेवलेली होती. बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांची अन्ननलिका वाचली.

पण या चाचणीत स्क्वॅमस प्रकाराचे रुग्ण कमी होते, दोन वर्षं हा काळही थोडा आहे, आणि नजर ठेवायची म्हणजे सुरुवातीला दर तीन-चार महिन्यांनी एंडोस्कोपी आणि बायोप्सी. वेल्ह्याच्या एखाद्या वाडीवरून, रोजंदारी बुडवून, एसटीने कितीदा येणं होईल? एक फेरी चुकली तर वाढलेली गाठ हाताबाहेर जाऊ शकते. ही वाट आपल्याकडे आणायची तर रुग्णाला वेळच्या वेळी बोलावून आणणारी यंत्रणा आधी उभी करावी लागेल.

आत्याला तीन वर्षं झाली. जठराची नळी झाल्यामुळे एका वेळी भरपेट जेवण जात नाही, म्हणून दिवसात सहा वेळा थोडं थोडं खाते. खाल्लेलं परत वर येऊ नये म्हणून खाटेचं उशाकडचं टोक तिने दोन विटांवर चढवलं आहे. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा तिने अर्धी भाकरी हातात घेतली, ठेच्याकडे एकदा बघितलं आणि दह्यात कालवून मूठभर खाल्ली. मग नेहमीसारखी अर्धा तास ताठ बसून राहिली, हात छातीवर ठेवून.