पोटखराबा आणि मेगावॉट

कोकणातल्या ऊर्जाप्रकल्पांचा वाद समजून घ्यायचा तर आधी सातबारा उघडावा. जांभ्याचा सडा, म्हणजे लाल खडकाचं पठार, तिथे ‘पोटखराबा’ म्हणून लागलेला असतो. लागवडीला निकामी, म्हणून आकारणी नाही. पण त्याच सड्यावर गुरं चरतात, पावसाचं पाणी मुरून खालच्या वाडीतल्या विहिरींना लागतं, आणि कातळ फोडून, माती भरून हापूसची कलमं उभी राहतात. प्रकल्पाचा खर्च मांडताना हे सगळं शून्य धरलं जातं.

एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीजप्रकल्पाच्या वेळी वाद दराचा होता. 1993 मध्ये जागतिक बँकेने कर्ज नाकारलं: एवढी महाग वीज आणि तीही एवढी जास्त, महाराष्ट्राला परवडणार नाही. तरी डिसेंबरात वीजखरेदी करार झाला. दर डॉलरशी बांधलेला; राज्य वीज मंडळाने वीज घेतली नाही तरी ठरलेली रक्कम द्यायचीच, वर राज्याने थकवलं तर केंद्र भरेल अशी प्रतिहमी. 1995 मध्ये नव्या सरकारने प्रकल्प रद्द केला, 1996 मध्ये पुन्हा स्वीकारला. अंजनवेलला उभारलेला या प्रकल्पाचा 740 मेगावॉटचा पहिला टप्पा 1999 मध्ये सुरू झाला आणि मे 2001 मध्ये बंद पडला. डिसेंबरात एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. आकड्यांवर एवढी चर्चा झाली, पण 1997 मध्ये वेलदूरच्या मच्छीमार बायकांनी ज्या खाडीसाठी लाठ्या खाल्ल्या, तिचा रुपया कुठल्याच ताळेबंदात आला नाही. मला हीच मूळ चूक वाटते.

जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पात ती पुन्हा झाली. माडबन परिसरातली जमीन बहुतांश पडीक, खडकाळ असल्याचं सांगितलं गेलं. 9900 मेगावॉटच्या अणुभट्ट्यांचं गरम पाणी समुद्रात सोडल्यावर साखरी नाट्याच्या मासेमारीचं काय, हा प्रश्न मागे राहिला. एप्रिल 2011 मध्ये तिथे गोळीबारात एका मच्छीमाराचा जीव गेला.

याच सुमारास पश्चिम घाटाच्या पर्यावरणासाठी केंद्राने नेमलेल्या माधव गाडगीळ समितीकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या खाणी आणि वीजप्रकल्पांचा खास विचार सोपवला होता. तिने महत्त्वाची गोष्ट मांडली: एकेका प्रकल्पाला सुटी मंजुरी देऊ नका, सगळ्यांचा एकत्रित परिणाम मोजा. ऑगस्ट 2011 मध्ये दिलेला हा अहवाल माहिती अधिकाराची लढाई होऊन मे 2012 मध्ये लोकांसमोर आला. तो मराठीत गावोगाव वाचला जायला हवा होता.

2019 मध्ये नाणारची रिफायनरी रद्द झाली आणि जागेचा शोध बारसूच्या सड्यावर आला. तिथली कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. पुढच्याच एप्रिलात माती परीक्षणाची यंत्रं आली, तेव्हा गावातल्या बायका भर उन्हात वाटेवर आडव्या झाल्या.