रूळ जागेवर धरणारा तुकडा : क्रीप अँकरची पार्श्वभूमी

गाड्यांच्या येण्याजाण्याने रूळ लांबीच्या दिशेने हळूहळू सरकतो, त्याला क्रीप म्हणतात. तो अडवणारा क्रीप अँकर दिसायला अगदीच मामुली असतो. स्प्रिंग स्टीलचा वाकवलेला एक तुकडा, जो रुळाच्या तळाला खालून आवळून बसतो आणि एका अंगाने रुळाखाली आडव्या टाकलेल्या स्लीपरच्या कडेला टेकतो. रूळ पुढे सरकू लागला की अँकर त्याच्यासोबत ओढला जातो आणि स्लीपरला अडतो. स्लीपर खडीला रेटतो आणि सगळा जोर खडीत जिरतो. त्यात फिरणारा भाग नाही, वंगण नाही. बसवताना स्लीपरची बाजू चुकली, तर मात्र त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. गाड्या पश्चिमेकडून पूर्वेकडे जात असतील आणि रूळही तिकडेच सरकत असेल, तर अँकर स्लीपरच्या पश्चिम अंगाला हवा. उलट बाजूला ठोकलेला अँकर रुळाबरोबर निवांत पुढे निघून जातो.

रूळ सरकतात कशामुळे, याची उत्तरं जुन्या पुस्तकांत तीन-चार दिली जातात. चाकाखाली रूळ किंचित दबतो आणि चाकाच्या पुढे किंचित उचलला जातो. सतरंजीची सुरकुती हाताने पुढे ढकलत नेली की सतरंजी हळूहळू सरकते, तसा हा प्रकार. शिवाय सांध्यावर चाक पुढच्या रुळाच्या टोकावर आपटतं. इंजिन जोर लावताना रूळ मागे रेटतं आणि ब्रेक लागला की चाकं तो पुढे ओढतात. त्यात तापमानाची भर. ही सगळी कारणं एकाच वेळी आणि कधीकधी परस्परांविरुद्ध काम करतात. म्हणून दुहेरी मार्गावर रूळ बहुधा गाड्यांच्या दिशेने सरकतो आणि एकेरी मार्गावर जिकडे भरलेल्या गाड्या जास्त जातात तिकडे, एवढाच अनुभवाचा नियम हाती उरतो. त्यालाही अपवाद आहेत.

सुरुवातीच्या काळाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला भारतातली पहिली प्रवासी गाडी गेली. त्या जमान्यातले दुहेरी डोक्याचे रूळ बिडाच्या ‘खुर्च्यां’त, म्हणजे बैठकींत, बसवून लाकडी पाचरींनी घट्ट करत. पाचर वाळली की ढिली होई आणि रूळ मोकळा होई. अमेरिकेत सेंट लुईसला मिसिसिपीवर १८७४ साली खुल्या झालेल्या पुलावर तर रूळ इतके सरकत, की एका टोकाला तुकडे कापून काढावे लागत आणि दुसऱ्या टोकाला घालावे लागत. तोवर क्रीप म्हणजे देखभालीतली कटकट एवढंच मानलं जाई. त्या पुलाने तो अभ्यासाचा विषय केला. रुळाला आवळणारे अँकर अमेरिकेत त्यानंतर पसरले, आणि त्याचं कारण साधं होतं. तिथले रूळ लाकडी स्लीपरवर डोक्याच्या खिळ्यांनी ठोकलेले असत. खिळा रुळाला आडवं सरकू देत नाही. लांबीच्या दिशेने मात्र तो जवळपास काहीच धरत नाही.

भारतात गोष्ट वेगळी वळली. इथे लाकूड होतं. साल, देवदार, साग यांचे स्लीपर सगळीकडे पडलेले होते आणि त्यांच्यावर अँकर लागतच. पण विसाव्या शतकाच्या मधल्या काळात इथल्या मार्गाचं खरं रूप ठरवलं ते सीएसटी-९ (सेंट्रल स्टँडर्ड ट्रायल) या बिडाच्या स्लीपरने. दोन बिडाच्या थाळ्या, त्यांना जोडणारी लोखंडी पट्टी आणि रूळ धरायला पोलादी चावी. चाचणीसाठी केलेल्या नमुन्यांपैकी नववा पसंत पडला, म्हणून नावात नऊ. या स्लीपरला वेगळा अँकर नसे, ते काम चावीच करी. दुहेरी मार्गावर सगळ्या चाव्या गाडीच्या दिशेने ठोकायच्या. एकेरी मार्गावर एकीआड एक उलटसुलट, म्हणजे रूळ कुठेही सरकला तरी निम्म्या चाव्या आवळल्या जातील.

कागदावर ही व्यवस्था सुंदर आहे. प्रत्यक्षात ती एका माणसाच्या पायांवर उभी होती. कीमन, म्हणजे चाव्या सांभाळणारा कामगार, रोज आपल्या हद्दीतला मार्ग चालून जाई. खांद्यावर हातोडा, सोबत पाना, लाल-हिरवी झेंडी आणि धोक्याच्या वेळी गाडीला इशारा द्यायला रुळावर लावायचे फटाके. ढिली चावी ठोकायची, पडलेली उचलून बसवायची. रूळ विरुद्ध दिशेला सरकला की चाव्या आपोआप सुटत. त्यामुळे चाव्या कुठे गळतात यावरूनच अनुभवी कीमनला क्रीपची दिशा कळे. रेल्वेच्या इतिहासात इंजिनांवर आणि पुलांवर पानंच्या पानं लिहिली जातात. हा चालणारा माणूस त्यात ओझरता येतो, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

मोजमापही साधंच. मार्गाच्या दोन्ही अंगांना जुन्या रुळांचे खुंट पुरायचे, त्यांच्यावर छिन्नीने खूण करायची, दोन खुंटांमध्ये दोरी ताणायची आणि रुळावरची खूण दोरीपासून किती सरकली ते नोंदवहीत लिहायचं. १५० मिमीच्या वर क्रीप जाऊ द्यायचा नाही, हा भारतीय नियम. त्याआधीच रूळ मागे ओढून सांध्यांतल्या फटी सारख्या करायच्या. ही कामं थंड हवामानात, गाड्या थांबवून करायची, कारण उन्हात सांधे उघडले की पुन्हा जुळवताना नाकीनऊ येतात. दुर्लक्ष झालं तर एकीकडे फटी बंद होऊन रूळ उन्हात वाकडा होतो. दुसरीकडे फटी इतक्या उघडतात की दोन रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटचे बोल्ट तुटतात. गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या काट्यांजवळ सरकलेला रूळ तर मार्ग बदलायचं यंत्रच अडकवून ठेवतो.

आता वादाच्या मुद्द्याकडे. अँकर स्लीपरच्या एकाच बाजूला असावेत की दोन्ही बाजूंना?

एका बाजूचा युक्तिवाद असा : रूळ ज्या दिशेला सरकतो ती दिशा माहीत असेल, तर तेवढीच अडवावी. दोन्ही बाजूंनी स्लीपर जखडला, तर सांध्यांच्या मार्गात उष्णतेने रूळ जो थोडा मागेपुढे होतो, तेवढ्यासाठीही प्रत्येक वेळी स्लीपर खडीतून ओढला जाईल. खर्चही दुप्पट. शिवाय अँकर चांगल्या, खडीत घट्ट बसलेल्या स्लीपरलाच लावायचा असतो. सगळेच स्लीपर तसे नसतात, मग उगाच दुप्पट अँकर कशाला?

दुसऱ्या बाजूचा मुद्दा घाटात समजतो. बोरघाटातला मार्ग १८६३ साली सुरू झाला, थळघाटातला १८६५ साली. दोन्हीकडे चढ ३७ला १. आता विचार करा. चढणाऱ्या गाडीचं इंजिन, आणि मागून रेटणारी बँकर इंजिनंही, आपल्या चाकांनी रूळ मागे म्हणजे उताराकडे ढकलतात. उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक लागले की चाकं रूळ पुढे ओढतात, म्हणजे पुन्हा उताराकडेच. त्यामुळे घाटात चढाचा आणि उताराचा, दोन्ही मार्गांचे रूळ खाली सरकायला बघतात. पण चढाच्या मार्गावर चाकाखालची लाट रुळाला वर, गाडीच्या दिशेने नेत असते. कोणता जोर जिंकेल हे भार, वेग, खडी आणि ऋतू यांवर ठरतं. ‘दुहेरी मार्गावर गाडीच्या दिशेने’ हा मैदानातला नियम इथे डोळे झाकून लावला, तर अँकर चुकीच्या अंगाला बसू शकतात. बोरघाटातल्या ठाकूरवाडी, मंकी हिल अशा ठिकाणी उतरणाऱ्या गाड्या ब्रेकच्या खात्रीसाठी थांबवतात, आणि थांबणं-सुटणं हेही रुळावर जोर टाकणारंच असतं.

माझं मत दुसऱ्या बाजूकडे झुकतं, पण त्यामागचं कारण घाट नाही. जोडरूळ आले तेव्हा हा वाद मुळातच बदलला. सांधे जोडून टाकलेला लांब रूळ तापला की त्याला वाढायला जागा नसते. एक किलोमीटर मोकळा रूळ एका अंशाला साधारण ११.५ मिमी वाढला असता. तो वाढू दिला नाही, तर तेवढं बल त्याच्या पोटात साठतं. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळात ते एका अंशाला सुमारे १.९ टन भरतं. तीस अंशांच्या फरकाला पन्नास टनांच्या वर, आणि तेही एका रुळात. हे बल उन्हाळ्यात एका दिशेला, थंडीत उलट. थंडीत रूळ तुटला तर तुटलेली दोन्ही टोकं एकमेकांपासून दूर पळतात आणि फट किती उघडेल ते दोन्हीकडची पकड ठरवते. अशा रुळाला एका बाजूने अडवून भागत नाही. म्हणून अमेरिकेत लाकडी स्लीपरवर जोडरूळ टाकताना स्लीपरच्या दोन्ही अंगांना अँकर मारण्याची पद्धत रुळली, साधारण एकाआड एका स्लीपरला. भारतात मात्र तोवर दुसराच इलाज येऊन ठेपला होता.

तो इलाज म्हणजे लवचीक क्लिप. १९५० च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेतल्या एका रेल्वे अभियंत्याने वळवलेल्या सळईची क्लिप तयार केली. ब्रिटनमधल्या एका कारखान्याने तिचे हक्क घेतले आणि पुढे आपलं नावच त्या क्लिपवरून ‘पेंड्रोल’ ठेवलं. आपल्याकडे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात पूर्वताणित (आत ताणलेल्या पोलादी तारा असलेल्या) काँक्रीटचे स्लीपर येऊ लागले, तेव्हा त्यांच्यासोबत ही क्लिप आली. मार्ग सांभाळणाऱ्या गँगमध्ये तिला आजही सगळे ‘पेंड्रोल’ म्हणतात, मग ती कोणत्याही कारखान्याची असो. पहिल्या क्लिपचा दाब ७१० किलोच्या आसपास होता. पुढच्या मार्क-३ या प्रकारात तो ८५० ते ११०० किलो झाला, मार्क-५ मध्ये १२०० ते १५००. एका रुळाखाली प्रत्येक स्लीपरवर अशा दोन क्लिपा आणि मध्ये रबराची चकती.

क्लिपचं तत्त्व अँकरपेक्षा वेगळं आहे. ती रुळाला कुठेच अडवत नाही, नुसती दाबून धरते. रुळाची स्लीपरवरची पकड ही स्लीपरच्या खडीतल्या पकडीपेक्षा जास्त असली पाहिजे, एवढीच अट. ती पाळली गेली तर रूळ स्लीपरवरून घसरत नाही, सगळा जोर खडीकडे जातो आणि दोन्ही दिशांना सारखाच अडतो. मग वेगळ्या अँकरची गरज काय? काही नाही, असं ठरलं, आणि काँक्रीटच्या मार्गावरून अँकर जवळपास हद्दपार झाला. देखभाल सोपी झाली, कीमनचं ठोकाठोकीचं काम घटलं, गाड्यांचा वेग वाढला. हे सगळं खरं आहे आणि या निर्णयाला विरोध करणं आज वेडेपणाचं ठरेल.

पण त्या अटीत एक खोट आहे. क्लिपचा दाब कायम राहत नाही. ती गंजते, थकते, रबर चपटं होतं. डब्यांतलं शौचालयाचं पाणी वर्षानुवर्षं थेट रुळावर पडायचं. त्यामुळे रुळाच्या आतल्या अंगाच्या क्लिपा बाहेरच्यांपेक्षा लवकर खराब होत, आणि समुद्राकाठी तर बघायलाच नको. डब्यांना जैव-शौचालयं बसेपर्यंत हेच चाललं. गंजलेली क्लिप जागेवर दिसते, हलत नाही, उलट अडकून बसते. म्हणूनच ग्रीस लावून तिला सुटी ठेवण्याचं काम कायमचं मागे लागलं. सुटलेली चावी कीमनला लांबून दिसायची. दाब गेलेली क्लिप मात्र नुसत्या नजरेने ओळखू येत नाही. त्यासाठी दाब मोजायचं उपकरण आणि नमुना पद्धत लागते. नियम असा आहे की दर चार वर्षांनी, गंजणाऱ्या भागात दोन वर्षांनी, शंभरातली एक क्लिप तपासायची. त्यातल्या २० टक्के किंवा अधिक क्लिपांचा दाब ४०० किलोखाली निघाला, तर नमुना पाच टक्क्यांवर न्यायचा. तरीही तेच आढळलं, तर सगळं फिटिंग बदलण्याचा प्रस्ताव करायचा. म्हणजे शंभरातल्या नव्याण्णव क्लिपांबद्दल आपण अंदाजावर चालतो.

पुलांवर हा गुंता आणखी स्पष्ट होतो. खडी नसलेल्या, गर्डरच्या म्हणजे लोखंडी तुळयांच्या पुलावर रूळ घट्ट धरायचा नसतो. गर्डर स्वतः उन्हाने वाढतो-आकसतो. रूळ त्याला जखडला, तर रुळातलं बल गर्डरमधून बेअरिंगवर आणि खांबांवर जातं. म्हणून तिथे रुळाला लांबीच्या दिशेने मोकळा ठेवणारी फिटिंग वापरतात आणि अँकर सहसा लावत नाहीत. पुलावर सोडून दिलेल्या रुळाचा भार मग दोन्ही अंगांच्या मार्गाने उचलायचा. जोडरूळ अशा पुलावरून नेताना दोन्हीकडचा ५० मीटर मार्ग पक्का जखडलेला असावा, असं नियमपुस्तिका सांगते. तिथे काँक्रीटचे स्लीपर आणि लवचीक क्लिपा असतील, तर त्यांच्या जोडीला क्रीप अँकरही लावायला ती सांगते. इतर ठिकाणी क्लिपच पुरे म्हणणारी तीच नियमपुस्तिका, या ५० मीटरांत मात्र दोन्ही मागते. जुने गर्डर काढून खडीसकट मार्ग वाहणारे काँक्रीटचे पूल जिथे बांधले गेले, तिथे त्या अँकरचंही काम उरत नाही.