डिस्क टू

‘ॲपल टू’ या घरगुती संगणकासाठी १९७८ मध्ये बाजारात आलेला सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्ह. त्याआधी ॲपल टूवर प्रोग्रॅम साठवायचे ते कॅसेटच्या टेपवर. ड्राइव्हची यंत्रणा शुगार्ट कंपनीची होती. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वोझ्नियाक यांनी तिच्यावरचे बरेचसे इलेक्ट्रॉनिक्स काढून टाकले आणि अवघ्या आठ चिपांचे नियंत्रक कार्ड रचले. उरलेले काम त्यांनी संगणकाच्या ६५०२ प्रोसेसरवर टाकले. या ड्राइव्हचा स्वस्तपणा आणि त्याच्याशी पुढे झालेले सगळे खेळ यातूनच आले.

६५०२ साधारण १ मेगाहर्ट्झने चालायचा आणि डिस्कवरचा एक बाइट लिहायला ३२ आवर्तने, म्हणजे प्रोसेसरचे ३२ ठोके, मिळायची. ती मोजायला घड्याळ नव्हते. प्रोग्रॅमरने सूचनांची आवर्तनेच मोजून बेरीज ३२ जुळवायची. ६५०२ वर २५६ बाइटांच्या पानाची सीमा ओलांडून उडी मारली की एक आवर्तन जास्त लागते. त्यामुळे लिहिणारा कोड स्मृतीत कुठे ठेवला आहे यालाही महत्त्व होते. कोड चार बाइट पुढे सरकवला म्हणून डिस्क बिघडावी, ही आजच्या प्रोग्रॅमरला चेष्टाच वाटेल.

फेरीची सुरुवात दाखवणारे फ्लॉपीतले निर्देशक छिद्र हा ड्राइव्ह पाहतच नाही. ट्रॅक म्हणजे डिस्कवरची गोल पट्टी आणि सेक्टर म्हणजे तिचा एक तुकडा. सेक्टर कुठे सुरू होतो ते डिस्कवर लिहिलेल्या खुणेवरून कळते. सोळा सेक्टरांच्या पद्धतीत ही खूण म्हणजे ‘डी५ एए ९६’ हे (षोडशमान पद्धतीत लिहिलेले) तीन बाइट. डी५ आणि एए हे बाइट माहितीत कधीच वापरत नाहीत, म्हणून गल्लत होत नाही. बाइटांच्या बिटांत ओळीने फार शून्ये आली तर वाचणाऱ्या मंडलाचा ठेका चुकतो. त्यामुळे सुरुवातीला लागोपाठ दोन शून्ये वर्ज्य होती. बाइटांचे वापरण्याजोगे नमुने उरले ३२, म्हणजे प्रत्येकात खरी माहिती पाच बिट, आणि ट्रॅकवर १३ सेक्टर. पुढे शून्यांची एक जोडी चालवून घेतल्यावर असे ६४ नमुने मिळाले. डॉस म्हणजे ॲपल टूवर डिस्क हाताळणारी प्रणाली; तिच्या १९८० च्या ३.३ आवृत्तीपासून सेक्टर १६ झाले आणि ३५ ट्रॅकांची क्षमता सुमारे ११४ वरून १४० किलोबाइटवर गेली. यासाठी कार्डावरच्या फक्त दोन प्रॉम (कायमची माहिती कोरलेल्या) चिपा बदलाव्या लागल्या. ड्राइव्ह तोच राहिला.

वाचणारे-लिहिणारे हेड पावलापावलाने हलवणाऱ्या स्टेपर मोटरच्या चार कॉइलही सॉफ्टवेअरच्या हाती होत्या. ठरावीक पत्ता नुसता वाचला तरी कॉइल चालू किंवा बंद व्हायची. शून्य ट्रॅक ओळखायला सेन्सर नाही, म्हणून संगणक सुरू होताना हेड मागे मागे ढकलून अडणीवर आपटवायचे. ॲपल टूची प्रसिद्ध खडखड ती हीच.

एका कॉइलचे पाऊल म्हणजे अर्धा ट्रॅक. साहजिकच गेम विकणाऱ्यांनी माहिती अर्ध्या ट्रॅकांवर लपवली, सेक्टरांच्या खुणा बदलल्या आणि नेहमीच्या डॉसला डिस्क वाचताच येऊ नये अशी सोय केली. मग लॉकस्मिथसारखे प्रोग्रॅम आले. सेक्टरांचा अर्थ न लावता ते ट्रॅकवरचे कच्चे बाइट जसेच्या तसे उतरवत. यावरचा तोडगा मात्र खरा खट्याळ होता. दोन बाइटांच्या मध्ये जादा शून्ये टाकली तर कार्ड ती गाळून टाकते. वाचलेले बाइट तेच दिसतात, फक्त पुढचा बाइट जरा उशिरा येतो. मूळ डिस्कवरचा प्रोग्रॅम हा उशीर मोजायचा आणि नक्कल ओळखायचा.

ग्राहकांची युक्ती साधी होती. डिस्क टू एकाच बाजूवर लिहितो. पण छिद्राची गरजच नसल्याने फ्लॉपी उलटी घातली तरी चालते. दुसऱ्या कडेला लेखनासाठीची खाच कापली की झाले.

हे कार्ड पुढे ‘आयडब्ल्यूएम’ (इंटिग्रेटेड वोझ मशीन) या एकाच चिपेत बसवले गेले आणि तीच १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये आली. जुन्या डिस्क जतन करताना मात्र नुसते सेक्टर उतरवून भागत नाही, कारण संरक्षणाच्या युक्त्या त्यात गळतात. म्हणून पाव ट्रॅकाच्या अंतराने चुंबकीय बदलांच्या वेळा नोंदवल्या जातात आणि त्यांवरून ‘वोझ’ नावाच्या फाइल तयार करतात.