पोलिसांकडील तक्रार अर्ज आणि माहिती अर्ज: दोहोंतील फरक

वाशीतील एखादा रहिवासी शेजारच्या त्रासाबद्दल पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देतो, प्रतीवर पोच घेतो, दोन महिने वाट पाहतो आणि शेवटी माहिती अधिकारात विचारतो, ‘माझ्या अर्जावर आजपर्यंत कारवाई का केली नाही?’ पुष्कळदा उत्तर एका ओळीत येते: प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही. अर्जदाराला ही टोलवाटोलवी वाटते आणि त्याचा संताप मला समजतो. तरीही एवढ्या एका मुद्द्यावर कायदा जनमाहिती अधिकाऱ्याच्या, म्हणजे माहितीच्या अर्जाला उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याच्या, बाजूने आहे, कारण तक्रारीचे मागणे माहितीच्या अर्जात लिहिले गेलेले असते.

तक्रार अर्ज पोलिसांकडून कृती मागतो. माहिती अधिकार अधिनियम, २००५ खालील अर्ज मात्र कार्यालयाच्या ताब्यात आधीपासून असलेला अभिलेख मागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात स्पष्ट केले, की जी माहिती अस्तित्वात आहे तीच द्यावयाची असते आणि अर्जदारासाठी नवे मत किंवा स्पष्टीकरण तयार करणे अधिकाऱ्यावर बंधनकारक नसते. ‘का’चे उत्तर फायलीत लिहिलेले असेल तर ते मिळते, मात्र ते कागद म्हणून मागावे लागते. वरील रहिवाशाने असे लिहायला हवे होते: ‘अमुक तारखेच्या माझ्या अर्जाच्या आवक नोंदीची प्रत, तो कोणत्या अधिकाऱ्याकडे चौकशीस दिला त्या शेऱ्याची प्रत, त्यावरील टिपणी व पत्रव्यवहार आणि अर्ज निकाली काढला असल्यास त्या अहवालाची प्रत द्यावी.’ आवक नोंदवहीत अर्ज आहे पण पुढे एकही शेरा नाही, असे उत्तर आले तरी तो वरिष्ठांपुढे ठेवता येणारा लेखी पुरावा असतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि सर्वसाधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा लागतो, त्यामुळे घडलेली सगळी हकीकत त्यात सांगत बसण्यास जागाही नाही. शुल्क १० रुपये असून त्यासाठी कोर्ट फी स्टँप चालतो. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याची गरज कलम ६ प्रमाणे नाही.

सर्वांत जास्त गफलत एनसीच्या, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीबाबत होते. एनसीची प्रत हातात पडली की तपास सुरू झाला असे लोक समजतात आणि महिन्याभराने तपासाची कागदपत्रे मागतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या, कलम १७४ नुसार दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना अदखलपात्र गुन्ह्याचा तपास करता येत नाही, त्यामुळे आदेशच नसेल तर तपासाचा कागदही सहसा नसतो. अशा वेळी माहितीचे अर्ज आणि अपिले यांत वर्ष घालवण्यापेक्षा दंडाधिकाऱ्यांकडे जाणे हाच उपयोगी मार्ग आहे.

गुन्हा दखलपात्र, म्हणजे अशा आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येण्यासारखा, असूनही नोंदवून घेतला जात नसेल, तेव्हाही माहितीचा अर्ज हे त्यावरचे औषध नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर प्रथम खबर नोंदवणे बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या ललिता कुमारी निकालात सांगितले आहे. नकार मिळाल्यास नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार पोलीस अधीक्षकांकडे, म्हणजे ठाणे किंवा नवी मुंबई आयुक्तालयाच्या हद्दीत व्यवहारात परिमंडळाच्या उपायुक्तांकडे, लेखी दाद मागावी आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जावे. गुन्हा नोंदला गेला असेल तर खबर देणाऱ्याला प्रथम खबर अहवालाची प्रत मोफत मिळते. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या याच संहितेच्या कलम १९३ ने तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत खबर देणाऱ्याला किंवा पीडिताला कळवण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली आहे. हा हक्क फिर्यादी म्हणून मिळतो. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज लागत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक आहे आणि ते प्रत्येक फिर्यादीला सांगितले गेले पाहिजे.

तपास सुरू असलेल्या प्रकरणात माहिती मागितली, की माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ८ मधील तपासाला अडथळा येण्याची सबब पुढे केली जाते. ही तरतूद खरी आहे आणि आवश्यकही आहे. साक्षीदाराचा जबाब आरोपीच्या हाती वेळेआधी पडू नये, हे कोणीही मान्य करील. परंतु ‘तपास चालू आहे’ एवढेच लिहून नकार देता येत नाही. ती माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल हे दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ साली भगतसिंग प्रकरणात म्हटले, आणि अपिलात नकाराचे समर्थन करण्याची जबाबदारीही कायद्याने अधिकाऱ्यावरच ठेवली आहे. कागदाचा काही भाग देण्यासारखा नसेल, तर कलम १० प्रमाणे तो वगळून उरलेला भाग देता येतो.

अर्ज चुकीच्या कार्यालयात जाण्याची शक्यताही असते. ठाणे जिल्ह्यात ठाणे शहर आयुक्तालय आणि ठाणे ग्रामीण अधीक्षक कार्यालय वेगळे आहे, मीरा-भाईंदर २०२० पासून तिसऱ्याच आयुक्तालयात आहे आणि नवी मुंबई आयुक्तालयाची हद्द रायगड जिल्ह्यातील पनवेलपर्यंत जाते. माहितीचा अर्ज चुकून भलतीकडे गेल्यास तो पाच दिवसांत योग्य प्राधिकरणाकडे पाठवणे कलम ६(३) नुसार बंधनकारक आहे.

उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. ती टळल्यास किंवा नकार आल्यास ३० दिवसांत प्रथम अपील करावे आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करावे. ठाणे जिल्ह्यासाठी आयोगाचे कोकण खंडपीठ बेलापूरच्या कोकण भवनात आहे. इथेही ‘तक्रार’ हा शब्द पुन्हा घोटाळा करतो. कलम १८ खाली आयोगाकडे तक्रार करता येते, पण त्या मार्गाने अधिकाऱ्याला दंड होऊ शकत असला तरी माहिती देण्याचा आदेश मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या मणिपूर प्रकरणात ठरवले आहे. ज्याला कागद हवा आहे, त्याने कलम १९ खालील अपीलच करावे.